व्हीएम चालू, नेटवर्क बंद: पॅकेट नेमकं कुठे हरवतं ते शोधताना

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. एका भौतिक सर्व्हरवर (म्हणजे होस्टवर) उबुंटू लिनक्स आहे, त्यावर केव्हीएम आणि लिबव्हर्ट ही व्हीएम चालवणारी साधनं, आणि आत पाच-सहा व्हीएम, म्हणजे आभासी मशीन (गेस्ट). आधी त्या लिबव्हर्टच्या ठरावीक नॅट नेटवर्कवर (होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाणाऱ्या) होत्या. बाहेरून थेट पोहोचता यावं म्हणून ब्रिज केला. ब्रिज करताना एकदा होस्टचंच एसएसएच (दुरून लॉगिन) गेलं, ते कसंबसं परत आणलं. आता तीन तक्रारी आहेत. एक, होस्ट रीबूट केल्यापासून एकाही व्हीएमचं पिंग बाहेर जात नाही, होस्टचं मात्र जातं. दोन, एकाच व्हीएमचे क्लोन केले की दोघांना डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी मिळतो, मॅक (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) वेगळा असूनही. तीन, व्हीपीएनपलीकडच्या सर्व्हरवर एसएसएच लागतं, छोट्या कमांड चालतात, पण मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. आणि जाता जाता एक वाक्य आहे: 'होस्टवर मध्यंतरी डॉकर टाकलं, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.'

संबंध आहे. डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारं साधन; त्याकडे येतोच.

या तीनही तक्रारी 'नेटवर्क चालत नाही' या एकाच नावाखाली आल्या असल्या तरी त्यांची कारणं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. एकाची होस्टच्या फायरवॉलमध्ये, दुसऱ्याची गेस्टच्या डिस्कवरच्या एका छोट्या फाइलमध्ये, तिसऱ्याची कदाचित तुमच्या सर्व्हरच्या बाहेरच. 'काय बदलू?' या प्रश्नाला म्हणूनच माझं पहिलं उत्तर 'सध्या काहीच नको' असं आहे. पॅकेट कुठपर्यंत पोहोचतं हे कळायच्या आत चार सेटिंग बदलली, की पाचव्या बदलाने चालू झालं तरी कशामुळे चालू झालं ते कळत नाही, आणि आधीचे चार बदल पुढच्या बिघाडाची तयारी करून मागे राहतात.

आधी वाट समजून घ्या. गेस्टच्या आत जे नेटवर्क कार्ड दिसतं ते खरं नाही. त्याचं दुसरं टोक होस्टवर एका टॅप इंटरफेसच्या रूपात असतं. लिबव्हर्टमध्ये त्यांची नावं व्हीनेट०, व्हीनेट१ अशी असतात. हा टॅप ब्रिजला जोडलेला असतो, समजा बीआर०. त्याच ब्रिजला होस्टचं खरं कार्ड जोडलेलं असतं, समजा ईएनओ१. तिथून केबल भौतिक स्विचला जाते. ब्रिज म्हणजे कर्नलच्या आत चालणारा स्विच. कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे हे तो पॅकेटं पाहून शिकतो आणि ठरावीक ३०० सेकंद लक्षात ठेवतो. बस. म्हणजे गेस्ट, टॅप, ब्रिज, खरं कार्ड, स्विच असे पाच थांबे आहेत, आणि यातल्या मधल्या तिन्हींवर तुम्ही होस्टवरून डोकावू शकता. व्हर्च्युअल नेटवर्किंगची ही मोठी सोय आहे. खऱ्या केबलमध्ये असं डोकावता येत नाही.

नॅटची वाट थोडी वेगळी होती. तिथे लिबव्हर्ट स्वतःचा व्हीआयआरबीआर० नावाचा ब्रिज करतं, त्याला १९२.१६८.१२२.१ हा पत्ता देतं, डीएनएसमास्कने १९२.१६८.१२२.०/२४ मधले आयपी वाटतं आणि बाहेर जाताना मास्करेड करतं, म्हणजे पॅकेटांवर होस्टचाच पत्ता लावतं. त्या ब्रिजला खरं कार्ड जोडलेलंच नसतं. म्हणून आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नाही. तो बिघाड नव्हता, रचनाच तशी आहे. व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांना हेच १०.०.२.१५ या पत्त्याच्या रूपात भेटतं. ज्या व्हीएमला बाहेरून कोणी हाक मारणार नाही, उदाहरणार्थ चाचणीपुरती उभी केलेली, ती नॅटवरच राहू द्या. सगळंच ब्रिजवर आणायची गरज नसते. मात्र एक लक्षात ठेवा: होस्टची फायरवॉल हाताने रीस्टार्ट केली आणि तिने आधीचे नियम पुसले, तर लिबव्हर्टने घातलेले मास्करेडचे नियमही जातात. अशा वेळी ते नेटवर्क व्हर्शमधून (लिबव्हर्टच्या कमांडमधून) बंद करून पुन्हा चालू केलं की नियम परत येतात. मात्र असं केल्यावर आधीपासून चालू असलेल्या व्हीएमचे टॅप ब्रिजपासून सुटलेले असू शकतात, तेव्हा तेही पाहा.

आता ब्रिज करताना एसएसएच का गेलं ते. कार्ड ब्रिजचं पोर्ट झालं की त्या कार्डावर आयपी ठेवायचा नसतो. आयपी, गेटवे, डीएनएस सगळं ब्रिजवर जातं. ईएनओ१ वर डीएचसीपी बंद, पत्ता नाही; बीआर० वर पत्ता आणि बीआर० च्या इंटरफेस यादीत ईएनओ१. पत्ता दोन्हीकडे राहिला की रूटिंग टेबलमध्ये एकाच सबनेटच्या दोन ओळी येतात, उत्तरं चुकीच्या इंटरफेसवरून जायला लागतात आणि जोडणी कधी चालते, कधी नाही. पूर्ण बंद पडलेल्या नेटवर्कपेक्षा हे अर्धवट चाललेलं जास्त वेळ खातं.

नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या साधनात) 'ट्राय' नावाची कमांड आहे. नवीन सेटिंग लावते, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनं परत आणते. दूरवरच्या सर्व्हरसाठी उत्तम; पण ब्रिजला एसटीपी (लूप टाळणारा प्रोटोकॉल) किंवा फॉरवर्ड-डिले यांसारखे पॅरामीटर दिले असतील तर हे बदल मागे घेता येत नाहीत असं सांगून ती नकार देते आणि सरळ 'अप्लाय' वापरायला सुचवते. नेमक्या जिथे जाळी हवी तिथेच ती नसते. त्यामुळे ब्रिजचं काम करण्याआधी आयपीएमआय, आयडीआरएसी, आयएलओ यांपैकी जो काही बाहेरचा कन्सोल असेल तो उघडून, लॉगिन करून तयार ठेवा. तोही नसेल तर जुनी नेटप्लॅन फाइल परत ठेवून अप्लाय करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहा, दहा मिनिटांनी चालेल अशी वेळ लावा, आणि सगळं नीट झालं की ती रद्द करा. तसंच, ब्रिजचा मॅक बदलला तर डीएचसीपी सर्व्हर होस्टला वेगळा आयपी देऊ शकतो, आणि मग 'सर्व्हर गेला' असं वाटतं. प्रत्यक्षात तो शेजारच्या पत्त्यावर मजेत असतो. बीआर० ला ईएनओ१ चाच मॅक फाइलमध्ये लिहून टाकला की हा घोळ बहुतेक वेळा टळतो.

एसटीपीचं काय करायचं हा प्रश्न यातच येतो. ब्रिजला एकच खरं कार्ड जोडलेलं असेल आणि कोणी गेस्टच्या आत दोन कार्डांचा ब्रिज करणार नसेल, तर लूप होणं शक्य नाही. एसटीपी बंद ठेवा आणि फॉरवर्ड-डिले शून्य करा. एसटीपी चालू असेल तर पोर्ट आधी १५ सेकंद ऐकतं, मग १५ सेकंद शिकतं, आणि तेव्हा कुठे पॅकेट पुढे सोडतं. नेटवर्कवरून बूट होणारी व्हीएम तोपर्यंत डीएचसीपीचा नाद सोडून 'बूट डिव्हाइस नाही' म्हणून थांबलेली असते. नुसतं एसटीपी बंद करून भागत नाही, कारण डिले तसाच ठेवला तर शिकण्याचे १५ सेकंद जातातच.

रचना झाली. आता शोध.

गेस्टमध्ये कन्सोलने शिरा, एसएसएचने नाही, कारण नेटवर्कच तर तपासायचं आहे. व्हर्श कन्सोल किंवा व्हर्ट-मॅनेजरची खिडकी चालेल. तिथून गेटवेला पिंग लावून ठेवा आणि तसंच चालू राहू द्या. होस्टवर व्हर्शच्या 'डोमआयएफलिस्ट' कमांडने त्या व्हीएमचा टॅप कोणता ते पाहा. नुसत्या अंदाजाने व्हीनेट० धरू नका, व्हीएम बंद-चालू झाल्या की क्रमांक बदलतात. मग टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) आधी त्या टॅपवर, मग ईएनओ१ वर लावा. -एन आणि -ई हे पर्याय द्या. -एनमुळे नावं शोधण्यात वेळ जात नाही, आणि -ईमुळे मॅक पत्ते आणि व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचा) टॅगही दिसतो.

टॅपवर काहीच दिसलं नाही, तर दोष गेस्टच्या आत आहे. इंटरफेस खाली आहे, पत्ता नाही, किंवा पत्ता हाताने देताना मास्क लिहायचा राहिला आणि लिनक्सने तो /३२ धरला. कार्डाचं नाव बदलणं हेही नेहमीचंच: व्हीएमला नवीन डिस्क किंवा कंट्रोलर जोडला, पीसीआयचे स्लॉट सरकले, ईएनपी१एस० चं ईएनपी२एस० झालं आणि नेटप्लॅनची फाइल जुन्याच नावाची वाट पाहत बसली. नावाऐवजी मॅकवर जुळणी लिहिली की हे टळतं.

टॅपवर फक्त एआरपीचे (आयपीवरून मॅक विचारणारे) प्रश्न दिसतात, उत्तर एकही नाही, आणि तेच प्रश्न ईएनओ१ वरूनही बाहेर पडताना दिसतात, तर तुमच्या होस्टने आपलं काम केलेलं आहे. आता भौतिक स्विचकडे बघा. पोर्ट दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये आहे का, ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारं पोर्ट) हवा तिथे अॅक्सेस (एकाच व्हीलॅनचं) आहे का, पोर्ट सिक्युरिटीने एका पोर्टवर एकच मॅक चालेल असं बांधलंय का. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर तर हे जवळजवळ ठरलेलं असतं: ज्या मॅकची नोंद पुरवठादाराकडे आहे त्याखेरीज दुसऱ्या मॅकची फ्रेम त्यांचा स्विच टाकून देतो. तिथे एक तर त्यांच्याकडून जादा मॅक घ्यावा लागतो, नाहीतर ब्रिज सोडून होस्टलाच राउटर करून आयपी आत पोहोचवावा लागतो. लॅपटॉपच्या वायफायवर ब्रिज चालत नाही त्याचं कारणही असंच आहे. अॅक्सेस पॉइंट जोडलेल्या मॅकचीच फ्रेम स्वीकारतो, आणि वायफायच्या साध्या तीन-पत्त्यांच्या फ्रेममध्ये मागे दडलेल्या व्हीएमचा मॅक लिहायला जागाच नसते. त्यावर डोकं आपटत बसू नका, तिथे नॅट वापरा.

आणि एआरपीचं उत्तर येतं, गेस्टमधल्या 'आयपी नेबर' कमांडमध्ये गेटवेचा मॅक व्यवस्थित दिसतो, पिंगची पॅकेटं टॅपवर दिसतात पण ईएनओ१ वर दिसत नाहीत, असं असेल, तर पॅकेट होस्टच्या आतच मारलं जातंय. तुमच्या पहिल्या तक्रारीचं वर्णन मला नेमकं इथे आणून सोडतं.

कर्नलमध्ये ब्रिज-नेटफिल्टर नावाचं मॉड्यूल आहे. ते लोड झालं की ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेटंसुद्धा आयपीटेबल्समधून (लिनक्सच्या फायरवॉलमधून) जायला लागतात, जरी होस्ट त्यांचं रूटिंग करत नसला तरी. एआरपी मात्र आयपी नाही, ते सहीसलामत सुटतं, म्हणूनच मॅक दिसतो आणि पिंग जात नाही. दुसरीकडे डॉकर १.१३ या आवृत्तीपासून फॉरवर्ड साखळीची (होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची) ठरावीक पॉलिसी 'ड्रॉप' करून ठेवतं. दोन्ही एकत्र आलं की ब्रिजवरच्या व्हीएमची पॅकेटं फॉरवर्ड साखळीत येतात, त्यांच्यासाठी कोणताही नियम नसतो, आणि ती गपचूप टाकली जातात. होस्टची स्वतःची पॅकेटं इनपुट-आउटपुटमधून जातात, त्यामुळे होस्ट ठणठणीत दिसतो. रीबूटनंतरच त्रास दिसला, कारण सेवा सुरू होण्याचा क्रम आणि मॉड्यूल लोड होण्याची वेळ तेव्हा बदलली असणार.

पडताळा सोपा आहे. एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत) बीआर-नेटफिल्टर आहे का पाहा. सिस्कंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्सची किंमत १ आहे का पाहा. मग आयपीटेबल्सची फॉरवर्ड साखळी -व्ही पर्यायाने काढा आणि पॉलिसीशेजारच्या पॅकेटांच्या आकड्यावर नजर ठेवा. पिंगच्या चालीने तो आकडा वाढत असेल तर चोर सापडला.

उपाय दोन. लोक बहुतेक वेळा पहिला सुचवतात: ती किंमत ० करा. चालतं, पण दोन अडचणी आहेत. डॉकरच्या काही गोष्टी, विशेषतः एकाच ब्रिजवरच्या कंटेनरना एकमेकांपासून वेगळं ठेवणं, याच सोयीवर उभ्या आहेत. दुसरी अडचण जास्त त्रासदायक: सिस्कंट्रोलच्या फाइलमध्ये ० लिहून ठेवलं तरी बूट होताना ती फाइल वाचली जाते तेव्हा मॉड्यूल अजून लोड झालेलं नसेल, तर ती ओळ वाया जाते, मॉड्यूल नंतर येतं आणि स्वतःची ठरावीक किंमत १ घेऊन येतं. मग 'फाइलमध्ये तर शून्य आहे' असं म्हणत माणूस दिवसभर दुसरीकडे शोधतो. हा मार्ग घ्यायचाच असेल तर मॉड्यूल्स-लोडच्या यादीत ते मॉड्यूल घाला, म्हणजे ते सिस्कंट्रोलच्या आधी लोड होईल.

मी दुसरा उपाय करतो. डॉकरने स्वतःच वापरकर्त्यासाठी डॉकर-यूझर नावाची साखळी राखून ठेवलेली असते आणि तिच्यातले नियम तो पुसत नाही. त्या साखळीत सर्वांत वर एक नियम: येणारा इंटरफेस बीआर०, जाणारा इंटरफेस बीआर०, तर अॅक्सेप्ट. ब्रिजमधून जाणाऱ्या पॅकेटसाठी दोन्ही बाजूंना ब्रिजचंच नाव लागतं, हे एवढंच नीट लिहा. डॉकरनंतर चालणाऱ्या छोट्या सिस्टमडी सेवेत तो ठेवला की रीबूटनंतरही टिकतो. खरं तर माझं स्पष्ट मत असं आहे की ज्या होस्टवर व्हीएम चालतात त्यावर डॉकर ठेवूच नये. कंटेनर हवेत तर त्यांच्यासाठी एक व्हीएम करा आणि त्यात काय तो पसारा घाला. एका कर्नलच्या फायरवॉलवर डॉकर, लिबव्हर्ट आणि यूएफडब्ल्यू (उबुंटूचं फायरवॉलचं साधन) असे तिघे मालकी सांगायला लागले की त्यांची भांडणं सोडवण्यात तुमचा वेळ जातो.

दुसरी तक्रार, क्लोनची. इथे बहुतेकांचा संशय मॅकवर जातो आणि तुम्ही तो तपासलाही आहे. व्हर्ट-क्लोन नवीन मॅक देतंच. लिबव्हर्टने दिलेले मॅक ५२:५४:०० ने सुरू होतात, त्यापुढचा भाग दोघांचा वेगळा असेल. पण उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपी सर्व्हरकडे स्वतःची ओळख मॅकने सांगत नाही. ते मशीन-आयडीवरून तयार केलेला डीयूआयडी पाठवतं. मशीन-आयडी ही ईटीसी फोल्डरमधली एका ओळीची फाइल, पहिल्या बूटला तयार होते, आणि डिस्क जशीच्या तशी क्लोन केली की तीही जशीच्या तशी जाते. डीएचसीपी सर्व्हरच्या दृष्टीने तोच जुना ग्राहक परत आलेला असतो, म्हणून तो त्याला जुनाच पत्ता देतो. सर्व्हरची काहीच चूक नाही.

आत्ता चालू असलेल्या क्लोनमध्ये ती फाइल रिकामी करा आणि रीबूट करा. रिकामी करा म्हणतोय, पुसून टाका असं नाही. रिकामी फाइल बूट होताना नव्याने भरली जाते. डी-बसच्या फोल्डरमध्ये तिची वेगळी प्रत असेल तर ती मूळ फाइलकडे दाखवणारी लिंक करून टाका. ज्या जागी मशीन-आयडीला हात लावता येत नाही तिथे नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर 'मॅक' असं लिहिलं तरी काम भागतं. पण पुढच्या वेळेसाठी योग्य रीत म्हणजे साचा म्हणून ठेवलेल्या व्हीएमवर, ती बंद असताना, व्हर्ट-सिसप्रेप चालवणं. ते मशीन-आयडी साफ करतं, जुने लॉग काढतं आणि एसएसएचच्या होस्ट-कीही काढतं. या कीकडे फार कोणी लक्ष देत नाही. सगळ्या क्लोनची होस्ट-की एकच असेल तर एका मशीनवरून ती चोरणारा बाकी सगळ्यांचं सोंग घेऊ शकतो. मात्र की काढल्यावर त्या पुन्हा तयार करायची सोय गेस्टमध्ये असायला हवी. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटची तयारी करणारं साधन) असेल तर ते करतं, नसेल तर पहिल्या बूटला एसएसएच सुरूच होत नाही आणि तुम्ही पुन्हा नेटवर्कवर संशय घेता.

मॅक खरोखरच सारखे असते, म्हणजे कोणी व्हीएमची रचना लिहिलेली एक्सएमएल फाइल हाताने कॉपी करून दुसऱ्या होस्टवर वापरली असती, तर लक्षण वेगळं दिसलं असतं: दोन्ही मशीन आलटून-पालटून चालतात, कारण भौतिक स्विच तो मॅक कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर शिकत राहतो. स्विचच्या लॉगमध्ये मॅक-फ्लॅपिंग अशी नोंद सापडते.

तिसरी तक्रार एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटाच्या कमाल आकाराची आहे, आणि लक्षण इतकं ठरलेलं आहे की टीसीपीडंप न लावताही पैज लावायला हरकत नाही. छोटी पॅकेटं जातात, पूर्ण भरलेली जात नाहीत. व्हीपीएन म्हणजे पॅकेटाच्या बाहेर आणखी एक पॅकेट; बाहेरच्या आवरणाला जागा लागते, म्हणून आतल्या पॅकेटाला १५०० बाइट मिळत नाहीत. वायरगार्ड हे व्हीपीएन स्वतःचा एमटीयू १४२० धरतं. व्हीएक्सलॅन या दुसऱ्या आवरणाला ५० बाइट लागतात, म्हणून तिथे १४५० उरतात. गेस्टला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्या कार्डावर १५०० लिहिलेलं आहे आणि तो तेवढी पॅकेटं 'तोडू नये' अशी खूण करून पाठवतो. मधल्या राउटरला ते पुढे ढकलता आलं नाही की त्याने आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ हा निरोप पाठवायचा असतो: लहान करून पाठव. पण सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं, निरोप पोहोचत नाही, आणि गेस्ट तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

मोजायचं असं. गेस्टमधून पलीकडच्या सर्व्हरला पिंग करा, -एम पर्यायाला 'डू' द्या म्हणजे पॅकेट तोडलं जाणार नाही, आणि -एस ने आकार द्या. १४७२ पासून सुरुवात करा, कारण त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. उत्तर आलं नाही तर उतरत जा. ज्या आकाराला उत्तर येतं त्यात २८ मिळवले की त्या वाटेचा खरा एमटीयू मिळाला. वायरगार्ड असेल तर १३९२ ला उत्तर येईल आणि १३९३ ला येणार नाही.

उपाय शक्यतो व्हीपीएनच्या टोकावर करा: तिथल्या फायरवॉलमध्ये टीसीपीचा एमएसएस (एका तुकड्यातला कमाल डेटा) वाटेच्या एमटीयूनुसार कापायचा नियम घाला. मग जोडणी सुरू होतानाच दोन्ही बाजू लहान तुकड्यांवर सहमत होतात. तो तुमच्या हातात नसेल तर गेस्टच्या कार्डाचा एमटीयू कमी करा. फक्त हे लक्षात ठेवा की एमएसएस कापणं टीसीपीपुरतं असतं, यूडीपीला त्याचा उपयोग नाही. आणि आयसीएमपी सरसकट बंद करणारा जो नियम असेल तो काढायला सांगा. भांडण होईल, तरी सांगा. उलट दिशेचा मोह म्हणजे जंबो फ्रेम, ९००० चा एमटीयू. साठवणुकीच्या वेगळ्या नेटवर्कवर, जिथे दोन्ही टोकं आणि मधले सगळे स्विच तुमचे आहेत, तिथे ठीक. सामान्य ब्रिजवर नको. लिनक्सचा ब्रिज, त्याला वेगळं सांगितलं नसेल तर, आपल्या पोर्टांपैकी सर्वांत लहान एमटीयू घेतो, त्यामुळे १५०० वाला एक टॅप जोडला गेला की ब्रिजचाही एमटीयू खाली येतो आणि काल चाललेलं आज चालत नाही.

टीसीपीडंप वाचताना दोन गोष्टींनी घाबरू नका. 'चेकसम चुकीचा' असं तो गेस्टमधून किंवा टॅपवर वारंवार म्हणेल. व्हर्टआयओ कार्डावर (व्हीएमसाठीच बनवलेल्या आभासी कार्डावर) चेकसम मोजायचं काम पुढे ढकललेलं असतं, यालाच ऑफलोडिंग म्हणतात, टीसीपीडंप त्याच्या आधीच पॅकेट पाहतो. तसंच १५०० चा एमटीयू असताना वीस-तीस हजार बाइटचं पॅकेट दिसलं तर तेही ऑफलोडिंगचंच काम. तारेवर ते तुकडे होऊनच जातं. या दोन ओळी पाहून ऑफलोडिंग बंद करणारे लोक आहेत. त्याने वेग घटतो, दोष तिथेच राहतो.

कार्डाचा प्रकार मात्र जरूर तपासा. जुन्या एक्सएमएलमधून आलेल्या व्हीएमवर ई१००० हे नक्कल केलेलं कार्ड असतं. चालतं, पण प्रोसेसर खातं. गेस्टमध्ये ड्रायव्हर असेल तर व्हर्टआयओ घ्या. विंडोज गेस्टमध्ये तो ड्रायव्हर आधी बसवा आणि मग कार्ड बदला, उलट क्रमाने नाही. व्हीएमवेअरवर याच कामाला व्हीएमएक्सनेट३ आहे.

पुढे दोन नेटवर्क कार्डं देणार असाल, एक बाहेरचं आणि एक आतलं, तर डीफॉल्ट गेटवे एकाच कार्डावर ठेवा. दोन्हीवर दिला की प्रश्न एका दाराने येतो आणि उत्तर दुसऱ्या दाराने जातं. शिवाय आरपी-फिल्टरची (पॅकेट योग्य वाटेने आलं का ते तपासणाऱ्या कर्नलच्या सेटिंगची) किंमत १ असेल तर कर्नल अशी आडवाटेने आलेली पॅकेटं लॉगमध्ये एक अक्षरही न लिहिता टाकतो. टीसीपीडंपला पॅकेट दिसतं, अॅप्लिकेशनला दिसत नाही, आणि फायरवॉलमध्ये कोणताही नियम नसतो. अशा वेळी मार्शियन (अशा आडवाटेच्या) पॅकेटांचं लॉगिंग चालू करून डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग पाहा. एका इंटरफेसवर ० करून भागत नाही, कारण 'ऑल' आणि त्या इंटरफेसची किंमत यांतली मोठी लागू होते.

ब्रिजऐवजी मॅकव्हीटॅप (थेट खऱ्या कार्डावर बसवलेला टॅप) वापरा असा सल्लाही तुम्हाला मिळेल. जोडणी कमी, वेग चांगला; पण त्यात होस्ट आणि त्याच्यावरच्या गेस्टचं आपसांत बोलणं होत नाही, बाकी सगळ्या जगाशी होतं. बॅकअप होस्टवरून घेत असाल तर तो पर्याय तुमच्यासाठी नाही.

आणि व्हीएम अचानक पिंगला उत्तर देईनाशी झाली, तर ब्रिजकडे जाण्याआधी व्हर्श लिस्ट पाहा. स्थिती 'पॉज्ड' असेल तर हा नेटवर्कचा विषयच नाही. थिन डिस्क किंवा स्नॅपशॉट वाढत वाढत होस्टची जागा संपली, की क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) व्हीएमला लिहिण्याच्या जागीच थांबवून ठेवतं, म्हणजे डेटा बिघडू नये. 'डोमस्टेट' कमांडला कारण विचारलं की आय/ओ एरर असं उत्तर येतं. होस्टवर जागा करा आणि 'रिझ्यूम' द्या. गेस्ट जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू लागतो. रीसेट मारू नका, त्याने हातात असलेलं लिहिणं वाया जातं. जागा केल्यावर गेस्टचं घड्याळ एकदा पाहून घ्या. तासभर थांबलेल्या व्हीएमचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं, आणि मग टीएलएसची प्रमाणपत्रं आणि केर्बेरॉसची लॉगिनं नाकारली जायला लागतात. क्रॉनी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू असेल तरी एवढा मोठा फरक ते हळूहळू ओढत बसू शकतं. 'मेकस्टेप' देऊन एका उडीत जुळवून घ्या.

तुमच्या सर्व्हरवर मी आधी डॉकर-यूझरचा नियम घालेन, कारण त्यावाचून सगळ्याच व्हीएमचं नेटवर्क बंद आहे आणि तो काढायलाही एक कमांड पुरते. क्लोनचं काम त्या व्हीएम रीबूट करता येतील तेव्हा करा. एमटीयूसाठी व्हीपीएन कोणतं आहे आणि त्याचं टोक कोणाच्या ताब्यात आहे हे कळायला हवं. पिंगने मोजलेला आकडाही सोबत द्या, म्हणजे एमएसएस किती कापायचा ते नेमकं सांगता येईल.